मिरजेचे तीन गेज आणि पेठ नाक्याची गन

गेल्या महिन्यात धाकट्याचा फोन आला तेव्हा इकडं इंग्लंडमध्ये रात्रीचे अकरा वाजले होते. म्हणजे तिकडं पहाटेचे साडेतीन. मी घाबरतच उचलला. "काय न्हाई अक्का, उसाला पाणी पाजतोय. या आठवड्यात रात्रीची लाईट हाय. तू ड्युटीवरनं आली असशील म्हणून लावला," म्हणाला. मग हळूच मुद्द्यावर आला. पुणे-बंगळूर हायवेवर पेठ नाक्याच्या अलीकडं, सर्व्हिस रोडला लागून आमची आठ गुंठ्यांची पट्टी पडून आहे. तिथं गाड्यांचं चार्जिंग स्टेशन टाकायचं त्याच्या मनात आहे. पुरवठादारानं दोन कोटेशनं दिलीत. एकात 60 किलोवॅटचा चार्जर आणि दोन सीसीएस-2 गन. गन म्हणजे गाडीच्या तोंडात बसवायचं वायरीचं टोक. दुसऱ्यात "सगळ्या गन": सीसीएस-2, चाडेमो, जीबीटी, शिवाय एसीची टाइप-2. नाव वेगळं तसा आकार वेगळा, एका प्रकारची गन दुसऱ्या प्रकारच्या गाडीला लागत नाही. फरक साडेतीन लाखांचा.

"एकदाच करायचं तर सगळ्या गन घेऊनच करू की. उद्या कुठलीबी गाडी आली तर परत कशाला जावी?" हे त्याचं म्हणणं. मामांचं म्हणणं, पेट्रोल पंपच बरा. पुण्यातल्या चुलतभावाचं म्हणणं, "परदेशात बघा, एकाच मशीनला सगळ्या गाड्या लागतात, आपल्याकडं नियोजनच नाही." तर परदेशात असलेली मी एकटीच, म्हणून निवाडा माझ्याकडं आला.

स्वतःच्या उसाला ज्याला रात्री साडेतीनला वीज मिळते तो हायवेवर चोवीस तास वीज विकायला निघालाय, यावर मी मनातल्या मनात हसून घेतलं. पण प्रश्न खरा आहे. आणि या प्रश्नात मी त्रयस्थ नाही. मी चाडेमोवाली आहे.

मिरजेत नर्सिंग शिकून मी इकडं आले त्याला अकरा वर्षं झाली. न्यूकॅसलजवळ राहते. रात्रपाळीला बस नसते, म्हणून विजेवरची जुनी निस्सान लीफ घेतली. ही गाडी आमच्या शेजारच्या संडरलँडमध्येच 2013 पासून बनते, त्यामुळे इकडं तिला घरच्या लेकीसारखा मान. सेकंडहँड बाजारात स्वस्तही भरपूर मिळते. का स्वस्त, हे मला घेतल्यावर कळलं. तिचं फास्ट चार्जिंगचं तोंड जपानी पद्धतीचं, चाडेमोचं. 2010 साली जपानी वीज कंपनी आणि मोटारवाल्यांनी मिळून ही पद्धत आणली. चार्ज होईस्तोवर "चहा तरी घेऊ या का" अशा अर्थाच्या जपानी वाक्याशी नावाचा खेळ केलेला. सुरुवातीला सगळीकडं तीच होती. मग युरोपनं आपली सीसीएस-2 पुढं केली, आणि 2014 च्या निर्देशात ठरवून टाकलं की नव्या जलद सार्वजनिक चार्जरला ही गन असलीच पाहिजे. चाडेमो लावू नका असं कुणी म्हटलं नाही. फक्त लावायला कुणी सांगितलंही नाही.

परवा गणपतीला लीड्सला मैत्रिणीकडे गेलो होतो. परत येताना ए-1 महामार्गावर चार्जिंगला थांबलो. पाऊस, वारा, मागच्या सीटवर पोरगा पेंगुळलेला. समोर आठ नवीन उंच चकचकीत चार्जर, एकही गाडी नाही. आठही सीसीएस. कोपऱ्यात एक जुना, तीन वायरींचा. त्याची चाडेमोची गन म्हणजे हातात धरली तर छोट्या पाटा-वरवंट्याचा वरवंटा. वर खटका, खाली दांडी. ती एका मोठ्या हायब्रीड गाडीत घुसलेली. मालक आत कॉफी पीत होता. आठ मोकळी मशीनं समोर दिसतायत आणि आम्ही नवव्यासाठी पन्नास मिनिटं ताटकळलो. आईनं पाठवलेल्या भडंगाचा डबा तिथंच संपला.

तर चुलतभावाला एवढंच सांगायचं, की "सगळ्या गाड्या लागणारं मशीन" इथंही होतं. दहाएक वर्षांपूर्वी हमरस्त्यावर तीन वायरींचेच चार्जर बसवत: सीसीएस, चाडेमो आणि रेनोच्या झोईसारख्या गाड्यांसाठी 43 किलोवॅटची एसी. आता नवीन बसवताना त्यातल्या दोन वायरी गळत चालल्यात. आणि निस्साननंच युरोपातली आरिया 2022 मध्ये सीसीएसवर आणली, नवी लीफही त्याच वाटेनं. ज्या घरानं ही गन वाढवली त्या घरानंच हात सोडला, म्हटल्यावर चार्जरवाल्याला काय दोष द्यायचा?

मला हे सगळं आधी कुठंतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. मग आठवलं. अण्णा मिरज जंक्शनला मालधक्क्यावर कारकून होते. पुणे-मिरज-कोल्हापूर मीटरगेजची ब्रॉडगेज 1971 मध्ये झाली. पण लोंढ्याकडं, बेळगावकडं जाणारी लाईन पुढं वीसेक वर्षं मीटरगेजच. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं बार्शी लाईट, अडीच फुटांची नॅरोगेज, 1927 पासून मिरजेत आलेली. एका स्टेशनात तीन रुंदीचे रूळ. लहानपणी आम्हाला ते भूषण वाटायचं. अण्णांना नाही वाटायचं. एका गाडीतली पोती उतरवायची, धक्क्यावर मोजायची, दुसऱ्या गाडीत चढवायची. हमाली दोनदा, तूट-फूट दोनदा, पावती दोनदा. "तीन गेज म्हंजे काय तीन पट धंदा न्हवं," ते म्हणायचे, "एकाच पोत्याला तीनदा हात लावायचा." नॅरोगेज पार 2010 च्या सुमारास गेली. तोवर त्या धक्क्यानं किती पिढ्यांच्या पाठी वाकवल्या असतील ते मिरजेलाच माहीत.

आता धाकट्याच्या कोटेशनाकडं येते. मी मशीनवाली नाही. पण वॉर्डातली औषधं आणि घरातला खर्च यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे गणित जड नाही.

चार्जरच्या कपाटात खरा पैसा असतो तो पॉवर मॉड्यूलमध्ये, म्हणजे डीपीवरून येणारी एसी वीज डीसी करणाऱ्या पेट्यांमध्ये. 60 किलोवॅटच्या कपाटाला चार गन लावा नाहीतर सहा लावा, पॉवर तीच 60. नवीन गनेबरोबर वीज वाढत नाही, दार वाढतं. शिवाय प्रत्येक दाराची भाषा वेगळी. सीसीएस गाडीशी गनेतल्या सिग्नलच्या तारेवरून एका पद्धतीनं बोलतं, चाडेमो आणि जीबीटी कॅन नावाच्या वेगळ्या पद्धतीनं. म्हणून कंट्रोलर वेगळा, सॉफ्टवेअर वेगळं, बिघडलं की येणारा माणूसही वेगळा, तोही पुण्याहून.

मग दार उघडून आत येणार कोण? समजा वीस रुपये युनिटनं वीज विकली. त्यातला 18 टक्के जीएसटी काढला की सतरा रुपयेही उरत नाहीत. विजेचं बिल आणि ॲपवाल्याची वळती काढल्यावर धाकट्याच्या हातात सहा रुपये राहतील, असं आम्ही ढोबळ धरलं. साडेतीन लाख भागिले सहा म्हणजे सुमारे 58 हजार युनिटं. एक गाडी वीस युनिटं घेते धरलं तर 2,900 गाड्या. पाच वर्षांत वसूल करायचे तर आठवड्याला अकरा गाड्या. आणि त्या अकराही अशाच हव्यात, ज्यांना सीसीएस चालतच नाही. जी गाडी सीसीएसवरही चार्ज झाली असती ती या हिशेबात धरायची नाही.

वाळवा तालुक्यात चाडेमोच्या अकरा गाड्या? पूर्ण सांगली जिल्ह्यात अकरा दाखव, मी तिकीट काढून येते, असं मी त्याला म्हटलं.

ही गन कोटेशनात आली कुठून, हे मात्र ऐकण्यासारखं आहे. डिसेंबर 2018 मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं सार्वजनिक चार्जिंगचे नियम काढले. प्रत्येक स्टेशनात पाच प्रकार हवेतच: 50 किलोवॅटचं सीसीएस, 50 किलोवॅटचं चाडेमो, 22 किलोवॅटचं टाइप-2 एसी, आणि आपल्या भारत मानकांचे दोन, 15 किलोवॅटचं डीसी आणि 10 किलोवॅटचं एसी. कुठली गाडी जिंकेल ठाऊक नाही, तर सगळ्यांवर पैसे लावा. पण ते पैसे सरकारचे नव्हते, स्टेशन टाकणाऱ्याचे होते. ऑक्टोबर 2019 मध्ये नियम बदलला आणि कुठला चार्जर लावायचा ते मालकावर सोडलं. त्याच सुमारास बाजारानंही उत्तर दिलं. जुलै 2019 ला ह्युंदाईची कोना आली, जानेवारी 2020 ला टाटाची नेक्सॉन आणि एमजीची झेडएस, तिन्ही विजेवरच्या, तिन्ही सीसीएस-2 वर. भारत डीसीच्या जीबीटी गनेवर चालणारी ई-व्हेरिटोसारखी गाडी सरकारी कचेऱ्यांत आणि टॅक्सीत राहिली. त्या सक्तीच्या वर्षात ज्यांनी तीन गनांची कपाटं घेतली त्यांच्याकडची चाडेमोची गन आजही कोरी असेल. रद्द झालेल्या नियमाचा माल आता "भविष्याची सोय" म्हणून माझ्या भावाच्या गळ्यात पडतोय.

अमेरिकेत तर याच्या उलट झालं. 2021 च्या कायद्यानं हमरस्त्यांवरच्या चार्जरना पाच अब्ज डॉलर ठेवले, पाठोपाठच्या नियमांत अट आली सीसीएसची. नोव्हेंबर 2022 ला टेस्लानं आपली गन सगळ्यांसाठी खुली केली, मे 2023 ला फोर्ड तिकडं गेली, पाठोपाठ जनरल मोटर्स, आणि बघता बघता सगळेच. म्हणजे सरकारी अटीनं घेतलेली गनही जुनी होऊ शकते. भविष्य ओळखून आज गन घ्यायची, हा मटक्याचाच प्रकार. आणि मॉड्यूलवालं कपाट असेल तर वायर नंतर बदलता येते. लागेल तेव्हा घ्या.

मग एकच गन ठेवायची का? तेही नाही. पेठ नाक्यावर गाडी का थांबेल याचा विचार केला की चित्र स्पष्ट होतं. स्थानिक माणूस थांबणार नाही, तो घरी लावेल. इकडंही तसंच आहे. घरी रात्रीच्या दरानं मला युनिट सात-आठ पेन्सला पडतं, त्यावर कर 5 टक्के. हमरस्त्यावर तेच युनिट पाऊण पौंडाच्या आसपास, कर 20 टक्के. ज्याच्या दारात गाडी उभी राहते तो बाहेर कशाला जाईल? थांबेल तो पुण्याहून निघून खंबाटकी चढलेला, सातारा-कराड ओलांडून बॅटरीचा आकडा बघत आलेला माणूस. तो येणार शुक्रवारी रात्री, रविवारी संध्याकाळी, दिवाळीत आणि मे महिन्यात. सोमवार ते गुरुवार डीपी गुणगुणत बसणार. शुक्रवारी चार गाड्या एकदम आल्या तर पहिली लागेल, दुसरी थांबेल, उरलेल्या दोन कराडलाच थांबायला हवं होतं म्हणत पुढं जातील. म्हणून दुसरी सीसीएस-2 गन पाहिजे. ती अनोळखी गाडीसाठी नाही, त्याच ओळखीच्या गाडीसाठी आहे.

त्यातही गंमत आहे. दोन गाड्या लागल्या की 60 चे तीस-तीस होतात. आणि टियागोसारखी छोटी गाडी 60 च्या मशीनला लावली तरी तिच्या मगदुराप्रमाणं निम्मीसुद्धा पॉवर ओढत नाही. एमजीच्या कॉमेटला तर डीसीचं तोंडच नाही. म्हणजे मशीनवर छापलेला आकडा आणि मीटरवर पडणारा आकडा यांची गाठ क्वचितच पडते.

60 किलोवॅट चोवीस तास चाललं तर दिवसाला 1,440 युनिटं. त्याच्या 5 टक्के धंदा झाला तर 72 युनिटं, म्हणजे तीन-चार गाड्या, हातात 432 रुपये. चार्जर, डीपी, केबल, फाउंडेशन, शेड मिळून वीस लाख धरले तर पावणेतेरा वर्षांत सुटतील, तेही वॉचमन, इंटरनेट आणि दुरुस्ती फुकट धरून. 15 टक्के झाला तर दिवसाला अकराएक गाड्या, आणि चार वर्षांच्या थोडं पुढं पैसे निघतात. या 5 आणि 15 मधलं अंतर गनेनं भरत नाही. ते भरतं स्वच्छ संडासानं, उजेडानं, गरम चहानं. माझ्यासारखी बाई रात्री दहाला एकटी गाडी घेऊन येईल तेव्हा ती आधी उजेड बघेल, मग गन. साडेतीन लाखांत धाकट्यानं दोन संडास बांधावेत, एक बायकांचा वेगळा, आणि पाण्याची टाकी मोठी करावी, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, चार्जरचं विचारलं तर तू संडासावर आलीस." आले. इथल्या सर्व्हिस स्टेशनांनी मला हेच शिकवलंय.

स्कूटर-रिक्षावाल्यांचा विषय वेगळा. तिथं अजून खरोखर तीन गेज आहेत. हलक्या गाड्यांसाठी एसी-डीसी एकत्र असलेलं देशी मानक बीआयएसनं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोनं, 2023 मध्ये मान्य केलं, एथर या स्कूटर कंपनीच्या कनेक्टरवरून. पण प्रत्येक कंपनीनं ते घेतलं असं नाही. त्यासाठी धाकट्यानं गनांची माळ लावायची गरज नाही. स्कूटर दोन युनिटं घेणार, हातात बारा रुपये. भिंतीला 16 अँपिअरचे चार सॉकेट आणि छोटे मीटर लावले की झालं. स्कूटरवाला चार्जिंगपेक्षा मिसळीलाच जास्त पैसे देईल.

एका बाबतीत मात्र मला इंग्लंडचा हेवा वाटतो, आणि तो गनेचा नाहीच. नोव्हेंबर 2024 पासून इथं जलद चार्जरवर साधं बँकेचं कार्ड टेकवून पैसे देता आलेच पाहिजेत. भाव युनिटवरच लिहायचा. जलद चार्जरचं जाळं वर्षात 99 टक्के वेळ चालू हवं, नाहीतर दंड. त्याआधी माझ्या मोबाइलात चौदा ॲपं होती आणि प्रत्येकात पाच-दहा पौंड अडकलेले. आता गावी गेले की तेच दिसतं. शिवाजी मंडईत कोथिंबिरीची जुडी यूपीआयनं मिळते, आणि चार्जरवर ॲप उतरवा, ओटीपी द्या, पाकिटात आधी पाचशे भरा. चार कंपन्यांचे चार्जर तर चार पाकिटं. मालधक्क्यावरची तीन पावत्यांची हमाली आता गाडीवाल्याच्या मोबाइलात आलीय. आपल्याकडच्या चर्चेत गनांची संख्या मोजतात, पाकिटं कुणी मोजत नाही. म्हणून धाकट्याला मी दुसरी एक गोष्ट लिहून घ्यायला लावली: चार्जर ॲपवाल्याच्या यंत्रणेशी ओसीपीपी या खुल्या पद्धतीनं बोलणारा हवा, आणि करारात तसं लिहून हवं. ॲपवाला बुडाला किंवा नाडायला लागला तर कपाट तेच ठेवून दुसऱ्याकडं जाता आलं पाहिजे.

आता माझी अडचण. ए-1 वर त्या रात्री मी ज्यांना मनसोक्त शिव्या दिल्या, त्यांचंच गणित मी भावाला शिकवतेय. आठ नवीन मशीनं लावणाऱ्यानं माझ्यासारखीच भागाकाराची वही काढली असेल, आठवड्याला इतक्या लीफ, सोडून द्या. चुकला नाही तो. पण चाडेमोची गाडी आज कोण चालवतं? नवी घेणं परवडत नाही तो. केअर होममधल्या माझ्या मैत्रिणी, टॅक्सीवाले, पोरांची पहिली गाडी. आपल्याकडं उद्या तेच होईल. जुनी जीबीटीवाली टॅक्सी तिसऱ्या हाताकडं जाईल, बंद पडलेल्या कंपनीची स्कूटर एखाद्या पेपर टाकणाऱ्या पोराकडं. त्यांच्यासाठी दार कुणीतरी उघडं ठेवलं पाहिजे. ते माझ्या भावानं आठ गुंठ्यांवर, उसाच्या बिलातून ठेवावं असं मला वाटत नाही. 2018 च्या नियमाची चूक हीच होती. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह या विजेच्या गाड्यांच्या योजनेत चार्जिंगसाठी 2,000 कोटी ठेवलेत. त्यातून जिल्ह्याच्या गावी, एसटी स्टँडाशेजारी एखादं जुन्या गनांचं मशीन सरकारनं आपल्या पैशानं चालवावं, तोट्यात चालवावं. 

वॉर्डात आमच्याकडं भिंतीवर ऑक्सिजनचं आणि हवेचं तोंड मुद्दाम वेगळं केलेलं असतं. घाईत चुकीची नळी बसूच नये म्हणून. तिथं दोन पद्धती असण्यानं जीव वाचतो. गाडीच्या गनेत वेगळेपणानं कुणाचा जीव वाचलाय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

काल धाकट्यानं फोटो पाठवला. पट्टीवर चुना मारून आखणी केलीय. एक चौकोन चार्जरचा, बाजूला दुसऱ्याची रिकामी जागा, तिथवर केबलचा पाइप आत्ताच गाडून ठेवणार म्हणे. हे त्याचं त्यालाच सुचलं. मागं दोन छोटे चौकोन. डीपीच्या लोडचा अर्ज दिलाय, त्याला दीड महिना झाला, अजून साहेब जागा बघायला आले नाहीत. सहापदरीच्या कामात सर्व्हिस रोडचं तोंड नेमकं कुठं उघडणार तेही ठरायचंय. आणि कोटेशनची मुदत महिनाअखेरपर्यंत. "पुरवठादार म्हणतोय चाडेमो निम्म्या किमतीत देतो," त्यानं खाली लिहिलं होतं. मी लिहिलं, फुकट दिली तरी घेऊ नकोस, दुरुस्ती फुकट नसते. त्यावर त्याचं उत्तर आलं, तेही पहाटे साडेतीनला: "बरं. लाईट आली, पाणी सोडून येतो."